ग्वाल्हेरहून नामिबिया: स्वतः गाडी चालवत शहरं, वाळवंट आणि एतोशा

१७ सप्टेंबर २०२२ च्या सकाळी नामिबियाची राजधानी विंडहुकहून आलेलं एक खास बोइंग ७४७ ग्वाल्हेरच्या हवाई तळावर उतरलं. आत आठ चित्ते होते, पाच माद्या आणि तीन नर. इथून हेलिकॉप्टरने ते कूनो राष्ट्रीय उद्यानात गेले. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं होतं, त्यामुळे सत्तर वर्षांनी तो परत आला आणि त्याने पहिलं पाऊल टाकलं ते आपल्या गावाजवळ. तेव्हापासून ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांमध्ये नामिबिया हे नाव रुळलं. कूनोला जाऊन आलेली मंडळी विचारतात, हे प्राणी आले तो देश आपल्यासारख्यांना बघता येईल का? येईल, आणि तोही टूर कंपनीच्या बसमध्ये न बसता, स्वतःच्या हाताने गाडी चालवत. त्यासाठी काय काय आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे सांगते.

आधी एक गोष्ट मनात पक्की बसू द्या. हा देश सुमारे ८ लाख २५ हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे मध्य प्रदेशाच्या अडीचपटीहून मोठा. लोकसंख्या मात्र जेमतेम ३० लाख. एकट्या ग्वाल्हेर जिल्ह्यातच २०११ च्या जनगणनेत २० लाखांहून जास्त माणसं होती. तिथे शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवूनही एखादं दुकान लागत नाही, हे नेहमीचंच आहे. सगळं ठरतं ते अंतरावर आणि पाण्यावर. माणसांची वस्ती, जनावरांच्या वाटा आणि तुमचा मुक्काम, तिन्ही पाण्याच्या मागे जातात. ठिकाणं कमी आणि मुक्काम जास्त, हा एकच नियम पाळलात तरी सहल निम्मी यशस्वी झाली.

महिना कोणता

तिथले ऋतू आपल्या उलट आहेत. मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, जून ते ऑगस्ट ऐन थंडी. वाळवंटात रात्री पारा शून्याजवळ जातो, दुपारी मात्र छान ऊन असतं. ग्वाल्हेरची जानेवारी ज्यांनी सोसली आहे त्यांना हे जड जाणार नाही, पण तंबूत झोपायचं तर जाड कपडे हवेतच. जसजसा हंगाम कोरडा होत जातो तसतशी रानातली डबकी आटतात आणि जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर गोळा होतात. म्हणून प्राण्यांसाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर सर्वांत चांगला काळ. ऑक्टोबरमध्ये उन्हाळा मात्र चांगलाच जाणवू लागतो.

शाळकरी मुलं बरोबर असतील तर माझं मत स्पष्ट आहे, मे अखेर ते जून मध्य. आपल्याकडे सुट्टी असते, तिथे पाऊस संपून हवा निवळलेली असते आणि युरोपातल्या पर्यटकांची जुलैपासूनची गर्दी सुरू झालेली नसते. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर उन्हाची तयारी ठेवा.

कागदपत्रं

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा आणि त्यात पुरेशी कोरी पानं असावीत. भारतीय पासपोर्टाला नामिबियाचा व्हिसा लागतो. तो कसा घ्यायचा याची पद्धत अधूनमधून बदलते, म्हणून तिकीट काढण्याआधी नामिबियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर किंवा दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयात चौकशी करा. ओळखीच्या कुणी दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या माहितीवर विसंबू नका. अठरा वर्षांखालची मुलं असतील तर इंग्रजीतला, आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला सोबत ठेवा. दोघांपैकी एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही लागतं.

मग गाडीचा परवाना. नामिबियात वाहतूक डावीकडून चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे, आपल्यासारखंच. आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या. त्याचा अर्ज परिवहन खात्याच्या पोर्टलवरून करता येतो, तो आरटीओतून मिळतो आणि वर्षभर चालतो. निदान दोघांचे परवाने काढाच. एकाच माणसाने सगळा रस्ता चालवणं या देशात धोक्याचं आहे.

आता पीतज्वराची लस. नामिबियात हा रोग नाही, पण विमान अदिस अबाबामार्गे असेल तर इथिओपिया पीतज्वराच्या यादीत येतो, आणि परतताना भारतातले आरोग्य अधिकारी लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, मागू शकतात. केवळ विमान बदललं, विमानतळाबाहेर पडलोच नाही, असं सांगून वाद घालण्यापेक्षा लस घेऊन टाकलेली बरी. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. मलेरियाचा धोका मुख्यतः उत्तरेत आणि पावसाळ्यात असतो. एतोशा हे तिथलं मोठं राष्ट्रीय उद्यान त्या पट्ट्यात येतं, तेव्हा गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला. प्रवास विमा घेताना त्यात आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च धरला आहे ना, हे वाचून घ्या. मोठं रुग्णालय चारशे किलोमीटरवर असू शकतं.

जायचं कसं

ग्वाल्हेरहून आधी दिल्ली. शताब्दी, गतिमान किंवा वंदे भारतने दिल्ली गाठता येते. पण विमान मध्यरात्रीचं असलं तरी त्याच दिवसाची शेवटची गाडी धरू नका. हिवाळ्याच्या धुक्यात आपल्या भागातल्या गाड्यांचे काय हाल होतात ते सांगायला नको. दिल्लीहून विंडहुकला थेट विमान नाही. अदिस अबाबामार्गे किंवा जोहान्सबर्गमार्गे जाणं सोयीचं. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे सामान थेट पुढे जातं. जोहान्सबर्गला विमानतळाबाहेर पडायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेचा वेगळा व्हिसा लागतो.

होसेआ कुटाको विमानतळ विंडहुक शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. पासपोर्टवर शिक्का मारताना अधिकारी किती दिवसांची परवानगी लिहितो ते खिडकीसमोर उभं असतानाच वाचा. एखादा दिवस कमी पडत असेल तर तिथल्या तिथे विनंती करा, नंतर निस्तरणं फार त्रासाचं. सिमकार्ड विमानतळावरच मिळतं. एमटीसी या मोबाइल कंपनीचं जाळं सर्वांत मोठं, तरी वाळवंटात तासन्‌तास रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे.

पैशांचं सोपं आहे. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकी रँड एकास एक चालतात आणि रँड नामिबियात सगळीकडे घेतात. किंमत साधारण पाच रुपयांच्या आसपास. दिल्लीतून थोडे रँड घेऊन जा. उलट नामिबियन डॉलर देशाबाहेर कुणी घेत नाही, ते तिथेच संपवा. आणि फार महत्त्वाचं म्हणजे, गाडीच्या अनामतीसाठी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर बहुतेक कंपन्या गाडी देत नाहीत. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून मर्यादा वाढवूनच निघा.

चौदा रात्रींचा मार्ग

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हाच फेरा सुचवते. विंडहुक एक रात्र, वाळवंटाच्या दारातलं सेसरिएम दोन, समुद्रकाठचं स्वाकोपमुंड तीन, कोरीव चित्रांच्या ट्वायफेलफोंटेनच्या परिसरात दोन, एतोशात चार, ओचिवारोंगो एक आणि शेवटी पुन्हा विंडहुक एक. दक्षिणेकडची फिश रिव्हर दरी आणि लुडेरित्झजवळचं वाळूत बुडालेलं कोलमान्सकोप गाव पाहण्यासारखं आहे यात शंकाच नाही, पण त्यासाठी आणखी पाच-सहा दिवस हवेत. दोन आठवड्यांत तेही कोंबलंत तर फक्त रस्ता बघून परत याल.

आरक्षणाची सुरुवात सेसरिएम आणि एतोशापासून करा, बाकी सगळं त्यांच्याभोवती बसवा. दोन्ही ठिकाणी उद्यानाच्या आतले मुक्काम नामिबिया वाइल्डलाइफ रिसॉर्ट्स ही सरकारी संस्था चालवते. खोल्या साध्या आहेत, सेवाही कधी कधी संथ, तरी आतच राहा. कारण पुढे सांगते.

गाडी

चौघांत मिळून एक फोर बाय फोर पिकअप, टपावर उघडणारे दोन तंबू, मागे फ्रिज, गॅस आणि भांडी, असं सगळं एकत्र भाड्याने मिळतं. खर्चाचा मोठा हिस्सा इथेच जातो, पण राहणं आणि जेवण त्यातच भागतं. आई-बाबा बरोबर असतील तर मात्र टपावरच्या तंबूचा विचार सोडा. रात्री शिडीवरून चढउतार त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. लॉज किंवा बंगले घ्या. त्यांच्यासाठी एतोशाचा पाणवठा खोलीपासून चार पावलांवर असणं, याहून मोठी सोय नाही.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका, दीड-दोन तास लागू द्या. दोन स्टेपन्या मागा. जॅक कुठे आहे, तो वाळूत बुडू नये म्हणून खाली ठेवायची फळी आहे का, हवा भरायचा कॉम्प्रेसर चालतो का, हे स्वतः करून बघा. एक चाक तिथेच त्यांच्यासमोर बदलून पाहिलंत तर उत्तम. विम्यात टायर आणि समोरची काच धरली आहे का ते विचारा, कारण या देशात नुकसान होतं ते याच दोन गोष्टींचं. ताशी ८० च्या वर गेल्यास किंवा अंधारात चालवल्यास विमा रद्द, अशी अट अनेक करारांत असते. गाडीत बसवलेलं यंत्र वेग नोंदवत राहतं.

नामिबियात रस्त्यांना अक्षरं आहेत. बी म्हणजे डांबरी हमरस्ता, सी बहुतेक खडीचा, डी त्याहून अरुंद. खडीचा रस्ता दिसायला सपाट आणि सरळ असतो, तिथेच माणूस फसतो. कायद्याने शंभरची मुभा असली तरी ८० च्या वर जाऊ नका. टायरमधली हवा कमी करा. नेमका आकडा कंपनी तुमच्या टायरप्रमाणे सांगेल. साधारणपणे डांबरी रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय असेल तर खडीवर २६ ते २८ आणि सैल वाळूत त्याहून बरीच कमी ठेवतात. हवा कमी केली की टायर खड्यांवर पसरून पकड घेतो आणि पंक्चरही कमी होतात. समोरून गाडी आली की वेग कमी करून डावीकडे व्हा, उडालेल्या खड्याने काच तडकते. गाडी घसरू लागली तर ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि स्टिअरिंग हळुवार सांभाळा. अचानक प्राणी आडवा आला तरी जोरात वळवू नका. तिथे बहुतेक गाड्या उलटतात त्या दुसऱ्या गाडीला धडकून नव्हे, एकट्याच, वळवताना उलटतात.

अंधारात गाडी चालवायची नाही. कुडू नावाचं हरीण म्हशीएवढं उंच असतं आणि संध्याकाळनंतर रस्त्यावर येतं. जून-जुलैत सकाळी साडेसातला उजाडतं आणि सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, म्हणजे हातात दहा-साडेदहा तासच. मुक्कामाला चारच्या आत पोहोचायचं असा हिशेब धरा. फोनवरचा नकाशा वेळ दाखवतो त्यात एक-दीड तास मिळवा. पेट्रोल पंप दिसला की टाकी भरा, अर्धी भरलेली असली तरी. लांबच्या पंपावर कार्डाचं यंत्र बंद असू शकतं, म्हणून रोख ठेवा. माणशी रोज पाच लिटर पाणी गाडीत हवं.

विंडहुक

समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० मीटरवरचं, स्वच्छ, आटोपशीर शहर. एक दिवस पुरे. १९१० चं क्रिस्टुसकिर्खं हे दगडी चर्च आणि त्याजवळचं स्वातंत्र्य स्मारक संग्रहालय दोन्ही चालत बघता येतात. संग्रहालय चुकवू नका. १८८४ पासून जर्मनांची वसाहत, पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेचा ताबा आणि अखेर २१ मार्च १९९० ला स्वातंत्र्य, हा प्रवास समजला की पुढची गावं वेगळी दिसतात. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजांनी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. तो वंशसंहार होता हे जर्मनीने २०२१ मध्ये मान्य केलं. स्वाकोपमुंडच्या सुंदर जर्मन इमारती बघताना हे माहीत असायला हवं. त्या गावाच्या दफनभूमीलगत हेरेरोंच्या नावं नसलेल्या कबरींचे मातीचे उंचवटे आहेत. तिथे जा, थोडा वेळ थांबा.

विंडहुकचं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. १९६८ पासून हे शहर सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठी वापरतं, जगात हे सर्वांत आधी करणाऱ्या शहरांपैकी ते एक. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी याची माहिती आवर्जून घ्यावी. शहरात गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका आणि रात्री पायी फिरू नका. हॉटेललाच टॅक्सी बोलवायला सांगा.

शिधा

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण हॉटेलांवर अवलंबून राहिलात तर रोज बटाट्याच्या फोडी खाव्या लागतील. तांदूळ, कांदे, टोमॅटो, दही, ब्रेड, भाज्या विंडहुक आणि स्वाकोपमुंडच्या मोठ्या दुकानांत भरपूर मिळतात. घरून न्यायचं ते एवढंच: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, भाजून ठेवलेले पोहे, मूगडाळ आणि एक छोटा कुकर. सगळं पाकीटबंद आणि कोरडं असावं. माझ्या मते लांबच्या रस्त्यासाठी आपल्या ग्वाल्हेर-मुरैन्याच्या गजकइतकं सोयीचं काही नाही. सांडत नाही, वितळत नाही, दोन तुकड्यांत भूक भागते. उन्हाळ्यात निघणार असाल तर हिवाळ्यातली डब्यात ठेवू नका, तिळाला वास येतो. त्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की घ्या.

उत्तर नामिबियातल्या लोकांचं मुख्य धान्य बाजरी आहे, तिकडे तिला महांगू म्हणतात. पिठाचा घट्ट गोळा करून भाजीच्या रस्स्यात बुडवून खातात. कुठे मिळाली तर जरूर खा, चंबळकडच्या माणसाला ती चव परकी वाटणार नाही. आणखी एक छोटी सोय: आपल्या गिझरला असतो तो मोठा तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसतो. तसा एक एक्स्टेंशन बोर्ड नेला की सगळ्यांचे फोन चार्ज.

सेसरिएम आणि सोसुसफ्लेई

विंडहुकहून सेसरिएम साडेतीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर, पण निम्म्याहून जास्त खडीचा रस्ता, म्हणून पाच-सहा तास धरा. नामिब हे जगातल्या सर्वांत जुन्या वाळवंटांपैकी एक मानतात, साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचं. त्याच्या वाळूच्या समुद्राला २०१३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं.

उद्यानाचं बाहेरचं दार सूर्योदयाला उघडतं. आतल्या मुक्कामात राहणाऱ्यांसाठी आतलं दार मात्र त्याच्या तासभर आधी उघडतं. हाच तास मोलाचा. दारापासून ६० किलोमीटर डांबरी रस्ता, मग पाच किलोमीटर सैल वाळू, तिच्या टोकाला सोसुसफ्लेई. बाहेर राहणारा माणूस पोहोचेपर्यंत सावल्या आखडलेल्या असतात. टेकड्यांची एक बाजू केशरी आणि दुसरी काळीभोर, हे दृश्य पहिल्या प्रकाशातच दिसतं. वाटेत ४५ व्या किलोमीटरला ड्यून ४५ ही वाळूची टेकडी लागते. चढायला सोपी म्हणून तिथे सगळे थांबतात. तुम्ही सरळ पुढे जा, ती परतताना करा. शेवटच्या पाच किलोमीटरसाठी, वाळूत गाडी चालवायचा सराव नसेल तर, गाडी उभी करून तिथल्या शटलने जा. रोज कुणाची ना कुणाची गाडी त्या पट्ट्यात चाकाच्या आसापर्यंत रुतलेली असते.

डेडफ्लेईला शटल सोडते तिथून वाळूतून चालत जायचं. पांढऱ्या, तडे गेलेल्या मातीचं मैदान, त्यात काळी पडलेली बाभळीच्या जातीची झाडं, आणि मागे सव्वातीनशे मीटर उंचीची बिग डॅडी टेकडी. वाळू सरकत आली आणि नदीचं पाणी आत येणं बंद झालं. झाडं मरून सहाशे-सातशे वर्षं झाली, पण हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत. त्यांना हात लावू नका, टेकून फोटो काढू नका. दहानंतर वाळू पायाखाली तापते, बंद बूट आणि माणशी दोन लिटर पाणी हवंच. दुपारी मुक्कामी परत या, झोपा आणि उतरत्या उन्हात सेसरिएमची घळ पाहा. सुमारे किलोमीटरभर लांब, तीस मीटरपर्यंत खोल, आत सावली. बूट रात्री तंबूबाहेर ठेवलेत तर सकाळी झटकून घाला, विंचू असतात.

समुद्राकडे

सेसरिएमहून सॉलिटेअर आणि कुइसेब घाटमार्गे वॉल्विस बे, तिथून किनाऱ्याने स्वाकोपमुंड. पूर्ण दिवसाचा रस्ता, मध्ये मकरवृत्ताची पाटी लागते. किनाऱ्याजवळ आलात की अचानक धुकं आणि गारवा. अटलांटिकमधल्या बेंग्वेला या थंड प्रवाहामुळे हवा गार होते, धुकं होतं, पण पाऊस पडत नाही. वाळवंट समुद्राला खेटून आहे ते यामुळेच. जाकीट हाताशी ठेवा. समुद्रात पोहण्याची इच्छा पहिल्याच लाटेला मावळेल.

इथे तीन रात्री अशासाठी की कपडे धुवायचे असतात, शिधा भरायचा असतो आणि पाठीला विश्रांती हवी असते. वॉल्विस बेच्या खाजणात हजारो रोहित पक्षी असतात, भरतीच्या वेळी काठाच्या जवळ येतात. हे बंदर दक्षिण आफ्रिकेने १९९४ मध्ये सोडलं, देश स्वतंत्र झाल्यावर चार वर्षांनी. सँडविच हार्बरला वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात, पण तिथे वाटाड्याच्या गाडीतूनच जा. भरतीत अडकलेली गाडी परत मिळत नाही. गावाबाहेर वेल्विचिया ही वनस्पती बघायला परवाना काढून जाता येतं. आयुष्यभर तिला दोनच पानं, तीच चिरफाळत वाढतात, आणि काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. उत्तरेला सव्वाशे किलोमीटरवर केप क्रॉस, जिथे दिओगो काओ या पोर्तुगीज खलाशाने १४८६ मध्ये क्रूस उभारला. आज तिथे प्रचंड संख्येने सील असतात. वास अतिशय उग्र आहे, नाकाला रुमाल बांधून जा, पण जा.

ट्वायफेलफोंटेन

वाटेत स्पिट्झकॉपचे लालसर ग्रॅनाइटचे सुळके, दुपारचं जेवण तिथे सावलीत करा. ट्वायफेलफोंटेनला वालुकाश्मावर कोरलेली दोन हजारांहून जास्त चित्रं आहेत, २००७ पासून जागतिक वारसा. भीमबेटका पाहिलं असेल तर फरक लगेच कळतो. तिथे रंगवलेलं, इथे खोदलेलं. जिराफ, गेंडे, सिंह तर आहेतच, पण सीलही कोरलेला दिसतो, आणि समुद्र शंभर किलोमीटर दूर. म्हणजे ही माणसं तिकडे जाऊन येत होती. वाटाड्या सोबत घ्यावाच लागतो, सकाळी लवकरची वेळ मागा. कोरड्या नद्यांच्या पात्रांत वाळवंटी हत्ती फिरतात. स्वतःची गाडी पात्रात घालू नका, स्थानिक वाटाड्याबरोबर जा.

हिंबा या स्थानिक जमातीच्या वस्तीला भेट द्यायची असेल तर त्यांच्यातलाच दुभाषा बरोबर असू द्या, आधी बोला, मगच फोटो विचारा. कुणी नको म्हटलं तर तिथेच थांबा. आपल्या अंगणात परका माणूस न विचारता कॅमेरा घेऊन शिरला तर कसं वाटेल, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

एतोशा

आता मुख्य भाग. १९०७ मध्ये संरक्षित झालेलं, २२,२७० चौरस किलोमीटरचं उद्यान. मध्यभागी सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचं मिठाचं पांढरं पात्र, बहुतेक काळ कोरडं. त्याच्या दक्षिण काठाने पाणवठ्यांची माळ आहे.

कान्हा किंवा रणथंभोरची सवय झालेल्यांना इथे आधी काही गोष्टी विसराव्या लागतात. जिप्सी नाही, सक्तीचा गाइड नाही, सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या नाहीत. सूर्योदय ते सूर्यास्त तुम्ही तुमच्या गाडीत, तुमच्या मर्जीने. वेग ताशी ६० च्या आत. मुक्काम आणि कुंपणाची स्वच्छतागृहं सोडली तर गाडीतून पाय खाली टाकायचा नाही, कुठल्याही कारणाने. सूर्यास्ताला दारं बंद होतात, उशिराला दंड आहे.

वाघामागे धावणारी जीप ही कल्पना इथे पूर्ण सोडून द्या. पाणवठा निवडा, सूर्य पाठीशी येईल अशी गाडी लावा, इंजिन बंद करा आणि दोन तास बसा. पहिली पंधरा मिनिटं काहीच नसेल आणि शेजारच्या गाड्या निघून जातील. जाऊ द्या. सकाळी उशिरा झेब्रे आणि स्प्रिंगबॉक येतात, मग ओरिक्स, दुपार तापली की हत्तींचा कळप. इथले हत्ती चुनखडीच्या चिखलाने पांढरेफटक दिसतात. जिराफ पाणी न पिता एकाच दिशेला टक लावून उभा असेल तर तुम्हीही तिकडे बघा, बहुधा गवतात सिंह असतो. ८ बाय ४२ ची दुर्बीण प्रत्येकाला वेगळी हवी, एकीवरून मुलांची भांडणं होतात.

चार रात्री उद्यानातल्या तीन मुक्कामांत अशा वाटा: दोन ओकाउकुएयोला, एक हालालीला, एक नामुतोनीला. ओकाउकुएयोच्या मुक्कामालाच लागून पाणवठा आहे, रात्रभर त्यावर मंद उजेड असतो. अंगावर शाल घेऊन दहानंतर तिथे बसा, बोलू नका. काळा गेंडा पाण्यावर यायची जगातल्या सर्वांत भरवशाच्या जागांपैकी ही एक. दिवसा ओकाउकुएयोजवळ नेब्राउनी आणि गेम्सबॉकफ्लाक्टे, मध्यात रिएटफोंटेन आणि साल्वाडोरा, पूर्वेला चुडोप आणि क्लाइन नामुतोनी हे पाणवठे धरा. साल्वाडोराला मागे पांढरं पात्र दिसतं, फोटोसाठी सुंदर जागा. गेंड्याचा फोटो कुठेही टाकताना जागेचं नाव आणि फोनमधली ठिकाणाची नोंद काढून टाका. शिंगासाठी शिकार करणारे हीच माहिती शोधत असतात. ड्रोन नेऊ नका, उद्यानांत बंदी आहे. म्हैस, पाणघोडा आणि मगर एतोशात नाहीत, त्यांची वाट बघत बसू नका.

चित्ताही इथे क्वचितच दिसतो. नामिबिया हा जगातले सर्वाधिक चित्ते असलेल्या देशांपैकी एक असला तरी ते बहुतेक उद्यानांबाहेर, शेतकऱ्यांच्या कुरणांवर राहतात, कारण उद्यानात सिंह आणि तरस त्यांची शिकार हिसकावतात आणि पिल्लं मारतात. त्यामुळे सगळा प्रश्न शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या माणसाशी येऊन ठेपतो.

ओचिवारोंगो

म्हणून ही एक रात्र. गावापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर चीता कन्झर्व्हेशन फंडचं केंद्र आहे, लॉरी मार्कर यांनी १९९० मध्ये स्थापन केलेलं. भारतात आलेल्या आठ चित्त्यांच्या तयारीत या संस्थेचा मोठा वाटा होता. १९९४ पासून ते शेतकऱ्यांना कळप राखणारी मोठी कुत्री देतात. पिल्लू शेळ्यांतच वाढतं, चित्ता जवळ आला की भुंकतं, आणि चित्ता भांडण टाळून निघून जातो. शेळी वाचते, त्यामुळे शेतकऱ्याला बंदूक उचलावी लागत नाही. कूनोभोवतीच्या गावांचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे काम जवळून बघावं. मार्गदर्शकाला प्रश्न विचारा. इथे ठेवलेले चित्ते जंगलात परत सोडता न येणारे आहेत, म्हणून दिसायची खात्री असते.

परत

ओचिवारोंगोहून विंडहुक अडीचशे किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता, तरी विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. गाडी धुऊन, टाकी भरून, दिवसाउजेडी परत करा आणि तपासणीच्या कागदावर त्यांची सही घ्या. प्रत्येक ओरखड्याचे फोटो गाडी घेताना काढलेले असतीलच, तेच आता उपयोगी पडतात. उरलेले नामिबियन डॉलर पेट्रोलमध्ये संपवा. पिवळं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. दिल्लीहून ग्वाल्हेरचं तिकीट काढताना विमान उतरल्यापासून निदान सहा तासांचं अंतर ठेवा, आणि सकाळी उतरणार असाल तर संध्याकाळची गाडी घ्या.